पहिली कादंबरी लिहिताना कवितेकडून काय घ्यावं

कादंबरीची चाळीस पानं झाली आणि मी अडले. गोष्ट डोक्यात पक्की होती. भुसावळची रेल्वे कॉलनी, रोज पहाटे रुळांवरून चालत जाऊन सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकणारा कीमन, आणि बारावीला बसलेली त्याची मुलगी. कोण कोणाला काय म्हणणार, कुठलं प्रकरण कुठे संपणार, हे सगळं वहीत लिहून ठेवलेलं होतं. तरी लिहिलेलं पान वाचलं की एकच गोष्ट खटकायची. पानावर घडत खूप होतं, दिसत काहीच नव्हतं.

त्या काळात मी दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचणं थांबवलं होतं, कारण जी वाचावी तिचा सूर दुसऱ्या दिवशी माझ्या वाक्यांत उतरायचा. हाताशी उरल्या कविता. शाळेच्या पुस्तकातल्या, पाठ असलेल्या, अर्धवट विसरलेल्या. पुढची दोन वर्षं त्यांच्याच सोबतीने लिहिलं. त्यात जी रीत हाताला लागली ती इथे मांडते आहे, पहिल्यांदाच कादंबरीला हात घालणाऱ्यांसाठी. त्यासाठी स्वतः कविता लिहायला हवी असं मुळीच नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कवितेकडून शब्द उसने घेऊ नका, तिची रीत घ्या. कवीने काय पाहिलं, कुठून पाहिलं, कशानंतर काय ठेवलं, कुठे तोंड मिटलं, हे बघा. नवखा लेखक कविता वाचून उठतो आणि आपल्या गद्याला चंद्र, पाऊस, प्राजक्त यांची झालर लावायला बसतो. पहिला खर्डा तिथेच बिघडतो.

एकच कविता निवडा

दहा संग्रह समोर घेऊन बसू नका. एक कविता पुरते. कादंबरीच्या विषयावरची कविता शोधण्याचा मोह होईल. शेतकऱ्याची कादंबरी म्हणून शेतावरची कविता, आईची कादंबरी म्हणून आईवरची. तसं करू नका, कारण विषय जुळला की आपण विचारच उचलतो आणि रीत बघायची राहून जाते. जी कविता न बोलावता कानात येते, पूर्ण कळलेली नाही पण पिच्छाही सोडत नाही, ती घ्या.

सापडत नसेल तर शाळेची पुस्तकं आठवा. मराठी विकिस्रोतावर बरंच जुनं साहित्य फुकट वाचायला मिळतं, तुकोबांची गाथा आहे, ज्ञानेश्वरी आहे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात कवितेचं कपाट बहुधा सगळ्यात कमी हाताळलेलं असतं. तिथे अर्धा तास उभं राहून चाळा.

निवडलेली कविता वहीत हाताने उतरवून काढा. छापील पानाचा फोटो काढून भागत नाही. हाताने लिहिताना पेन कुठे अडतं ते कळतं, आणि पेन अडतं तिथे कवीने बहुतेक वेळा काहीतरी वेगळं केलेलं असतं. मग तीन वेगवेगळ्या दिवशी ती मोठ्याने वाचा.

इथे एक सवय मोडावी लागते. दहावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहण लिहून लिहून आपल्याला कविता दिसली की भावार्थ सांगायची घाई होते. भावार्थ लिहू नका. त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. बोलणारा कुठे उभा आहे? तो कोणाशी बोलतो आहे? आणि सहज सांगता आलं असतं असं काय त्याने सांगितलेलं नाही? तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. लागू द्या.

नजर कशी फिरते: 'औदुंबर'

मी निवडलेली कविता होती बालकवींची 'औदुंबर'. जेमतेम आठ ओळींची. शाळेत सगळ्यांनी म्हटलेली असते, त्यामुळे ती आपल्याला माहीत आहे असं वाटत राहतं. मलाही तसंच वाटत होतं.

ती वस्तूंच्या क्रमाने वाचून बघा. आधी झरा दिसतो, दोन्ही तटांवरची हिरवाळी घेऊन वाहणारा. मग नजर उचलून पलीकडच्या टेकडीकडे जाते, तिथे चार घरांचं चिमुकलं गाव. गावापुढे शेतमळ्यांची गर्दी. त्या गर्दीतून एक ओळ निघते: 'पायवाट पांढरी तयांतुन अडवी तिडवी पडे'. ती वाट हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे चालत जाते. डोहाच्या पाण्यावर गोड काळिमा पसरलेला. आणि शेवटी, 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'.

आता क्रियापदं बघा. वाहतो, पडे, चालली, पसरी. सगळं हलतं आहे. शेवटच्या ओळीत पहिल्यांदा कोणीतरी बसतं, आणि आपली नजरही तिथेच बसते. झाड आपल्याला एखाद्या माणसासारखं का वाटतं, याचं उत्तर त्या एका क्रियापदात आहे. झाडाला माणसाची उपमा कुठेच दिलेली नाही.

रंग बघा. हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, मग पांढरा, आणि शेवटी काळा. 'उदास' हा शब्द कवितेत नाही, 'एकाकी' हा शब्द नाही. तरी आठ ओळींत मन हिरव्यातून काळ्यात उतरलेलं असतं. आणि माणसं? एकही नाही. पण पायवाट आहे. पायवाट माणसांच्या पावलांनीच पडते, त्यामुळे जी माणसं दिसत नाहीत तीही कवितेत चालून गेलेली आहेत. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी पुढे काही लिहिलं नाही, तीच ओळ परत परत वाचत बसले.

यातून तयार झालेला सराव असा. प्रकरण सुरू करण्याआधी त्या जागेतल्या सात-आठ वस्तूंची यादी करा. नजर कुठून सुरू होणार आणि कुठे थांबणार ते ठरवा. दूरचं आधी की जवळचं आधी, याचा निर्णय तुमचा, पण एकदा घेतलेली दिशा मधेच सोडायची नाही. प्रत्येक वस्तूला फार तर एक विशेषण. भावना सांगणारा एकही शब्द नको. माणसासारखी हालचाल फक्त शेवटच्या वस्तूला द्यायची.

माझ्या जुन्या खर्ड्यात एका प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं, 'रेल्वे कॉलनीत ती सकाळ उदास उगवली.' सरावानंतर तिथे हे आलं:

'यार्डाच्या टोकाला सिग्नलचा लाल दिवा अजून जळत होता. त्याच्या अलीकडे वाघिणींची रांग, कोळशाने काळवंडलेली. दोन वाघिणींच्या फटीतून कॉलनीकडे येणारी वाट खडीत पुसट होत गेलेली. कुंपणाला टेकवलेली सायकल. आणि क्वार्टरच्या पायरीवर, दाराकडे तोंड करून, त्याचा जेवणाचा डबा वाट बघत बसलेला.'

कोणाला हे फार मोठं वाटणार नाही, पण माझी अडलेली कादंबरी या चार-पाच ओळींनी हलली. तो डबा घरीच का राहिला, हा प्रश्न मलाच पडला आणि पुढची वीस पानं त्या प्रश्नामागे गेली. जागा नीट पाहिली की गोष्ट तिच्यातून निघते.

दर प्रकरणाला हा सराव लागत नाही. पाच-सहा प्रकरणांनंतर डोळ्याला वळण पडतं, मग वहीत यादी करायची गरज उरत नाही.

श्वास मोजा

दुसरी गोष्ट लयीची. लय म्हटलं की गद्य लिहिणारे दचकतात, आपला तिच्याशी संबंध नाही असं समजतात. पण वाचक मनातल्या मनात वाचत असला तरी श्वास घेतच असतो, आणि तो कुठे घ्यायचा हे तुमचं वाक्य ठरवतं.

तुकोबांचा एक अभंग घ्या: 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन'. बोटांवर अक्षरं मोजा. रात्रंदिन आम्हां, सहा. युद्धाचा प्रसंग, सहा. अंतर्बाह्य जग, सहा. आणि मन, चार. मोठ्या अभंगाचं हेच माप आहे, सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. प्रसंग आणि जग यांची जोडी जुळली की कानाला वाटतं, संपलं. तेवढ्यात दोन अक्षरांनी तोकडा चौथा चरण येतो आणि त्यात 'मन' येतं. जगाशी चाललेलं युद्ध सहज कळणारं आहे. मनाशी चाललेलं युद्ध त्या तोकड्या चरणात धपकन पडतं.

हे गद्यात करता येतं. तीन वाक्यं साधारण सारख्या लांबीची जाऊ द्या, चौथं आखूड करा आणि जे सर्वांत जड आहे ते त्याच्यात ठेवा. मात्र अख्ख्या प्रकरणात एकदा, फार तर दोनदा. पानोपानी केलं तर वाचकाला ठोका आधीच ऐकू यायला लागतो आणि त्यातला जोर जातो.

लांब पल्ल्यासाठी मात्र अभंगापेक्षा ग्रंथातली ओवी जवळची. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगितली गेली, तिच्यात सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, आणि त्या ओवीच्या चरणांना अक्षरांचं ठरीव माप नाही. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा, एवढाच नेम. म्हणून ती हजारो ओव्या चालूनही दमत नाही. तत्त्वज्ञान सांगता सांगता घरातला दाखला देते, लगेच परत विषयाकडे वळते. कादंबरी लिहिणाऱ्याला हीच चाल हवी असते, बांधलेली आणि तरी सैल. रोज दहा ओव्या अर्थाच्या मागे न लागता मोठ्याने वाचा, आणि मग लिहायला बसा. आठवड्याभरात वाक्यांना फरक पडतो. मला तरी पडला.

आपलं लिखाण तपासायची सोपी पद्धत अशी. एक पान मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे तुमचा आवाज विनाकारण घाई करतो तिथे वाक्यात काहीतरी भरताड आहे. जिथे तुम्ही अडखळलात तिथे शब्दक्रम मराठीचा राहिलेला नाही, बहुधा मनात आधी इंग्रजी वाक्य आलं होतं.

त्याच अभंगाचा आणखी एक उपयोग. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'जग', उजवीकडे 'मन'. तुमच्या मुख्य पात्राची बाहेरची भांडणं डावीकडे लिहा, आतली उजवीकडे. नवख्यांच्या पानावर डावी बाजू भरलेली असते आणि उजवीकडे दोन ओळी. माझ्या कीमनच्या उजव्या बाजूला आधी काहीच नव्हतं. 'मुलगी शिकली तर घर सोडून जाईल, ही भीती' एवढं लिहिलं आणि बापाच्या प्रत्येक संवादाचा सूर बदलला.

उपमा पात्राच्या कामातून यावी

खानदेशात वाढलेल्या माणसाला बहिणाबाई सांगाव्या लागत नाहीत. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, शेतात आणि घरात राबताना ओव्या जुळवणाऱ्या बाई. मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतलेल्या त्या ओव्या १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' ही ओळ सगळ्यांना पाठ आहे. ती का टिकली याचा विचार लेखकाने करावा. मनाला वाऱ्याची, पाखराची, समुद्राची उपमा कोणीही देईल. उभ्या पिकात शिरलेल्या, हाकलून परत येणाऱ्या ढोराची उपमा फक्त त्यालाच सुचते ज्याने शेताच्या बांधावरून ते ढोर स्वतः हाकललेलं आहे. उपमेत बाईचं आयुष्य आलेलं आहे. संसाराला तव्याची उपमा देताना त्या आधी हाताच्या चटक्याचं बोलतात, मग भाकरीचं. क्रम स्वयंपाकघरातला आहे.

म्हणून नियम करा. पात्राच्या तोंडी किंवा मनात येणारी प्रत्येक उपमा त्याच्या रोजच्या कामातून, घरातून, गल्लीतून आलेली हवी. माझ्या कीमनच्या मनात पहिल्या खर्ड्यात 'वादळ उठलं' होतं. हे त्याचं वाक्य नव्हे. मी रुळांवर काम केलेल्या माणसांशी बोलले, तेव्हा एकाने सांगितलं की जुन्या रुळांच्या सांध्यात थोडी फट मुद्दाम सोडायचे, कारण उन्हाळ्यात लोखंड लांबतं. फट सोडली नाही तर रूळ वाकतो. ते ऐकलं आणि मुलीशी भांडण झाल्यावर तो काय विचार करेल ते मला सापडलं. 'सांध्यात जागा सोडायला पाहिजे होती.' बस, एवढंच वाक्य.

हे करायचं तर त्या कामाचे शब्द गोळा करावे लागतात. वेगळी वही ठेवा. वस्तूंची नावं, कामाची क्रियापदं, शिव्या, लाडाची नावं. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या कवितांतल्या मुंबईच्या वस्तीत फिरले होते, कवितेतल्या शब्दांचे अर्थ त्यांनी ढसाळांनाच विचारले होते. इतक्या मोठ्या लेखकाला विचारताना संकोच वाटला नाही, तर आपण का संकोचावं? पुस्तकांतला शोध घ्यायचा तर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य बघता येतात. तिथे एका शब्दाशेजारचे दुसरे शब्द वाचत जाण्यात तास कसा जातो कळत नाही, तेव्हा हे काम लिहिण्याच्या वेळेत करू नका.

बोलणारी कोणाला सांगते आहे?

जात्यावरच्या ओव्यांनी मला निवेदन शिकवलं. पहाटे जात्याशी बसलेली बाई एकटी असते किंवा समोर दुसरी एखादी, आणि ती गात असते भावाला, आईला, विठ्ठलाला, कधी सरळ जात्यालाच. हे सगळे तिथे नसतात. म्हणूनच ती बोलू शकते. सासरी जे तोंडावर बोलता येत नाही ते ती भावाच्या नावाने जात्याला ऐकवते.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, कित्येक प्रत्यक्ष गायलेल्या ऐकताही येतात. ऐका, नुसत्या वाचू नका. गातानाचा आवाज कागदावर येत नाही. साने गुरुजींनीही 'स्त्री जीवन'मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या आहेत, तेही जुन्या वाचनालयांत मिळतं.

आता तुमच्या पात्राला जात्याशी बसवा. तुमचं पात्र आयटी कंपनीत असलं, दुबईत असलं, पुरुष असलं, तरी हरकत नाही. जे कोणालाच सांगितलेलं नाही ते त्याला सांगू द्या, पण समोर नसलेल्या एका विशिष्ट माणसाला उद्देशून. दहा ओव्या. यमक जमलं नाही तरी चालेल. या ओव्या कादंबरीत जाणार नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. त्या लिहून झाल्या की कळतं की ही कादंबरी नक्की कोण सांगतंय आणि कोणाला. माझी मुलगी सगळं तिच्या गेलेल्या आजीला सांगत होती. मला हे दहा ओव्या लिहीपर्यंत माहीत नव्हतं. कादंबरी तृतीयपुरुषी होती ती प्रथमपुरुषी झाली, आणि मी नव्वद पानं पुन्हा लिहिली. त्या नव्वद पानांचं मला आजही वाईट वाटत नाही.

शीर्षक, आरंभीच्या ओळी, आणि परवानगी

कवितेतून कादंबरीचं नाव घेणं जुनी गोष्ट आहे. चिनुआ अचेबे यांच्या पहिल्या कादंबरीचं, १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'चं, नाव आयरिश कवी येट्सच्या कवितेतून आलेलं आहे. येट्सने ती कविता पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात लिहिली होती. अचेबेंनी ते शब्द नायजेरियातल्या इग्बो गावात नेले, जिथे मोडून पडणारं जग वेगळं आहे आणि मोडणारेही वेगळे. ओळ घ्यायची तर अशी घ्यावी, दुसऱ्या मातीत नेऊन. कवितेतल्याच अर्थाने वापरली तर ती नुसती सजावट राहते.

विक्रम सेठ तर आणखी पुढे गेले. पुश्किनच्या 'येवगेनी अन्येगिन' या पद्यकादंबरीचा इंग्रजी अनुवाद वाचून त्यांनी १९८६ ची आपली पहिली कादंबरी, 'द गोल्डन गेट', सबंध सुनीतांत, म्हणजे चौदा-चौदा ओळींच्या कवितांत, लिहिली. धाडस विलक्षण आहे, पण पहिल्या कादंबरीला हा रस्ता मी कोणाला सुचवणार नाही. तिथे लेखक मुळात छंदात मुरलेला कवी होता.

आपल्याकडे कविता महाजन आधी कवयित्री होत्या. त्यांची पहिली कादंबरी २००५ साली आली तिचं नाव 'ब्र'. ज्याचा उच्चारही काढायचा नसतो ते एक अक्षर. कवितेचा हात असा शीर्षकात दिसतो.

आरंभीच्या पानावर कोणाच्या ओळी छापायच्या असतील तर कायदा बघा. भारतात लेखकाच्या हयातीत छापलेल्या साहित्याचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. बालकवी १९१८ साली गेले, केशवसुत १९०५ साली. त्यांच्या ओळी मोकळ्या आहेत. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे तेही २०१७ पासून मोकळे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितांचा हक्क २०५९ संपेपर्यंत आहे. अशा कवींच्या ओळी हव्या असतील तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या आणि कागद जपून ठेवा. तोंडी 'हो' वर विसंबू नका. परवानगीचं काम खर्डा संपत आला की सुरू करा, पुस्तक छपाईला गेल्यावर नव्हे.

नायक कवी असेल तर

पहिल्या कादंबरीत कवी असलेला नायक फार येतो. त्याच्या कविता दाखवायच्या की नाही? रशियन कवी पास्तरनाकने 'डॉक्टर झिवागो' या आपल्या कादंबरीत नायकाच्या कविता गोष्ट संपल्यावर वेगळ्या भागात दिल्या, पंचवीस कविता. वाचकाला आधी माणूस भेटतो, त्याच्या कविता नंतर. पण त्या पास्तरनाकच्या आहेत. आपल्या कविता तितक्या तोलाच्या नसतील तर नायक चांगला कवी आहे असं लिहून आपलीच कमजोर कविता छापणं धोक्याचं. कविता वाचून ऐकणाऱ्याचा चेहरा कसा झाला ते दाखवा. तेवढं पुरतं.

रोजचा क्रम

सकाळी पंधरा मिनिटं कविता, मोठ्याने. मग पाच मिनिटं काहीच नाही. चहा घ्या, खिडकीबाहेर बघा. मग लिखाण, पाचशे शब्दांचं माप ठेवून. कविता आणि लिखाण यांच्यामधली ती पाच मिनिटं सोडू नका. लगेच लिहायला बसलं की कवीचे शब्द हाताला चिकटून येतात.

एक कविता महिनाभर. मग बदला. नजर शिकवणारी झाली की आवाज शिकवणारी घ्या. नोकरी करून लिहिणाऱ्यांना सकाळ मिळत नाही, त्यांनी लोकलमध्ये किंवा बसमध्ये पाठ असलेली कविता मनात म्हणावी आणि लिखाण रात्री करावं. मीही आठ महिने असंच केलं.

पहिला खर्डा पूर्ण झाला की मात्र कविता वाचणं थांबवा. दुसऱ्या खर्ड्यात जोडणी, घटनांचा क्रम, कोणाला काय कधी कळतं, हे कोरडं काम असतं. त्यात कविता आड येते. तिसऱ्या हाताला, म्हणजे छाटताना, तिला परत बोलवा.

छाटण्याचा सराव थोडक्यात सांगते. लांबलेला प्रसंग घ्या, तो बारा ओळींत लिहा, जणू कविता. मग मूळ प्रसंगाशी ताडून बघा. बारा ओळींत जे आलं नाही त्यातलं निम्मं तरी काढता येतं. आणि बारा ओळींत नवीन काही आलं असेल, मुळात नसलेलं, तर तेच त्या प्रसंगाचं मर्म असतं.

सर्वांत कठीण छाटणी असते आपल्याला आवडलेल्या गोष्टीची. माझा कीमन जळगाव आणि भुसावळच्या मधल्या पट्ट्यात चालतो. त्या पट्ट्यात भादली स्टेशन आहे, आणि त्याच भादलीत ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. ज्यांच्या आठ ओळींनी माझी कादंबरी सुरू झाली ते माझ्या पात्राच्या रोजच्या वाटेवर गेले होते. पहिल्या खर्ड्यात यावर दीड पान होतं, आणि ते लिहिताना मी रडले होते. तिसऱ्या हाताला तो प्रसंग बारा ओळींत लिहायला घेतला तर त्या ओळींत बालकवी येईनात. कीमनला त्यांच्याविषयी माहीत असण्याचं कारणच नव्हतं. दीड पान काढलं. आता त्या जागी पहाटेच्या अंधारात भादली येतं, तो फलाटाच्या टोकाशी थांबतो, एक सैल चावी ठोकून बसवतो, आणि पुढे चालायला लागतो.